मोतीबिंदु, भट्टी आणि सूर्य

मोतीबिंदु होतो असें मराठींत म्हणतात, तसेंच तो पिकतो असेंहि म्हणतात. आंबा अढींत घातला म्हणजे उबेनें पिकतो. केंस वयानें पिकतात. डोळ्यांतला मोतीबिंदु ह्यांपैकीं कशानें पिकतो, वयानें कीं उबेनें, हें त्या शब्दावरून कळत नाहीं. लोकांनीं मात्र त्याचें उत्तर केव्हांच ठरवून टाकलें होतें. साठी उलटली कीं नजर धुरकट होणारच, अशी समजूत घरोघर होती. आणि म्हातारपण हें कारण एकदां सांगितलें म्हणजे पुढें विचारण्यासारखें कांहीं उरत नसे. परंतु कांहीं माणसें अशीं होतीं कीं ज्यांचा मोतीबिंदु चाळिशींतच पिके. त्यांचें दुखणें म्हातारपणाच्या खात्यावर मांडतां येईना. त्या माणसांमुळें उष्णता, ऊन आणि मोतीबिंदु ह्यांच्या संबंधाचा जो शोध सुरू झाला, त्याचा इतिहास जवळजवळ तीनशें वर्षांचा आहे, आणि तो अद्यापि पुरा झालेला नाहीं.

हा इतिहास समजण्यास डोळ्याची थोडी ओळख हवी. डोळ्याच्या बाहुलीमागें एक लहानसें पारदर्शक भिंग असतें. बाहेरचा प्रकाश तें आंतल्या पडद्यावर एकत्र आणतें. ह्या भिंगांत रक्तवाहिनी नाहीं; तें मुख्यतः प्रथिनें आणि पाणी ह्यांचें बनलेलें असतें. अंगावरची कातडी जुने थर टाकून नवे धारण करते; भिंग कांहींच टाकीत नाहीं. त्याचे नवे तंतु जुन्यांच्या भोंवतीं बसत जातात, आणि गर्भावस्थेंत तयार झालेले तंतु मध्यभागीं मरेपर्यंत राहतात. त्यामुळें भिंगाला आयुष्यांत जी जी इजा होते ती सांचत जाते. अंड्याचा पांढरा बलक कच्चा असतांना आरपार दिसतो, आणि शिजला म्हणजे पांढरा होतो. भिंगांतील प्रथिनें बिघडून एकमेकांस चिकटलीं म्हणजे कांहींसा तसाच प्रकार होतो, आणि त्यालाच मोतीबिंदु म्हणतात. वयाबरोबर हा बिघाड सर्वांच्याच डोळ्यांत थोडाफार होतो. प्रश्न एवढाच कीं, बाहेरची उष्णता व प्रकाश ह्यांनीं तो लौकर होतो काय?

प्राचीन वैद्यांना हा प्रश्न अगदींच अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्ररोगांचीं कारणें सांगतांना, उन्हानें तापलेल्या माणसानें एकदम पाण्यांत शिरणें हें एक कारण दिलेलें आहे. तेथेंच असेंहि म्हटलें आहे कीं, अतिशय तेजस्वी वस्तूंच्या दर्शनानें दृष्टि नष्ट होते, मात्र अशा रोग्याचा डोळा वरून स्वच्छच दिसतो. हें निरीक्षण मार्मिक आहे. सूर्याकडे टक लावून पाहिल्यानें जो अपाय होतो तो भिंगाला नव्हे, तर मागच्या पडद्याला होतो. आणि म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला बाहुलींत पांढरेपणा दिसत नाहीं. ज्या रोगांत बाहुली पांढरी दिसते त्यावर सुश्रुतानें शलाकेचा उपाय सांगितला, आणि तो फार ऊनहि नाहीं व फार थंडीहि नाहीं अशा ऋतूंत करावा असें सांगितलें. शलाकेनें आंतला अडथळा बाजूस सारण्याची ही क्रिया पुढें शतकानुशतकें अनेक देशांत चालू राहिली.

परंतु बाजूस सारलेला तो पदार्थ कोणता, ह्याविषयीं पुष्कळ काळ गैरसमज होता. भिंगाच्या पुढें एक पातळ पडदा उतरतो आणि तोच मोतीबिंदु, असें युरोपांतील वैद्य मानीत. इ. स. १७०५ मध्यें ब्रिसो नांवाच्या फ्रेंच वैद्यानें एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला, तेव्हां गढूळ झालेली वस्तु म्हणजे स्वतः भिंगच आहे असें त्याला आढळलें. १७४७ मध्यें झाक दाविएल ह्या दुसऱ्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें तें गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली. बिघडतें तें भिंग, हें निश्चित झाल्यावरच भिंगाला बिघडवितें कोण, असें विचारतां येणें शक्य झालें.

पहिला संशय भट्टीवर आला. जर्मन शस्त्रवैद्य हाइस्टर ह्यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतच काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या मोतीबिंदूची नोंद केली होती. काचेचा रस वितळण्यास हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. कारागीर भट्टीच्या तोंडाशीं उभा राहून नळीच्या टोंकावर तो रस घेतो, फुंकतो, फिरवितो, पुन्हां तापवितो. आणि हें करतांना रसाचा रंग पाहून त्याला अंदाज घ्यावा लागतो, म्हणून नजर काढून घेतां येत नाहीं. पंधराव्या वर्षीं भट्टीवर आलेला मुलगा चाळिशीपर्यंत पंचवीस वर्षें त्या तोंडाकडे पाहत राही. १८८६ मध्यें जर्मनींत मायहोफर ह्या वैद्यानें शेंकडों काचकामगारांचे डोळे तपासले, आणि चाळिशीच्या आंतल्या कामगारांतहि मोतीबिंदूचें प्रमाण नजरेंत भरण्याइतकें असल्याचें दाखविलें.

ह्या प्रश्नाचा निकाल लागण्यास मात्र इंग्लंडांतील बाटल्यांचे कारखाने कारणीभूत झाले. उत्तरेकडील संडरलंड ह्या बंदराच्या गांवीं विल्यम रॉबिन्सन नांवाचे नेत्रवैद्य होते. बाटलीचें तोंड घडविणाऱ्या कामगारांचे डोळे तपासतांना त्यांना एक विशेष गोष्ट दिसली. म्हातारपणाचा मोतीबिंदु बहुधा भिंगाच्या गाभ्यांत किंवा कडेला सुरू होतो. ह्या कामगारांत भिंगाच्या मागच्या बाजूस, बरोबर मध्यावर, बशीसारखा गोल डाग प्रथम उमटे. १९०३ पासून त्यांनीं हें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ह्या डागाचें महत्त्व केवळ वैद्यकीय नव्हतें. नजर गेलेल्या कामगाराला त्याचें वय झालें असें सांगून घरीं पाठवितां येत असे. आतां त्याच्या डोळ्यांत धंद्याची खूणच सांपडली. हें दुखणें वयाचें नव्हे, कामाचें आहे, असें म्हणण्यास आधार मिळाला.

१९०७ मध्यें कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक टॉमस लेग ह्यांनीं बाटली-कामगारांच्या मोतीबिंदूविषयीं सरकारला अहवाल सादर केला. १९०६ च्या ब्रिटिश कायद्यानें धंद्यामुळें होणारे कांहीं रोग नुकसानभरपाईच्या कक्षेंत आणले होतेच. त्या यादींत पुढें काचकामगारांच्या मोतीबिंदूचीहि भर पडली. १९०८ मध्यें रॉयल सोसायटीनें ह्या रोगाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. तिच्या कामांतील मुख्य भाग सर विल्यम क्रुक्स ह्यांनीं उचलला. थॅलियम हें मूलद्रव्य शोधून काढणारे हे रसायनशास्त्रज्ञ तेव्हां पंचाहत्तरी ओलांडलेले होते. त्यांनीं भट्टींतून कोणते किरण बाहेर पडतात हें मोजलें, आणि डोळ्याला अपायकारक किरण अडवील पण कामगाराला काम दिसूं देईल अशी काच तयार करण्यासाठीं तीनशेंहून अधिक मिश्रणें करून पाहिलीं. १९१४ मध्यें त्यांचा निबंध छापून निघाला. त्यांच्या कांहीं काचा नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता अडवीत. क्रुक्स काच ह्या नांवानें तो चष्मा पुढें जगभर प्रसिद्ध झाला.

उष्ण काचेंतून निघणारा कोणता किरण अपराधी, हेंहि हळूहळू उलगडलें. १८०० मध्यें विल्यम हर्शल ह्यांनीं सूर्यप्रकाश लोलकांतून पसरवून तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नाहीं तेथें, तापमापक ठेवला. पारा वर चढला. हे अवरक्त किरण. पुढच्याच वर्षीं जर्मनींत रिटर ह्यांनीं जांभळ्या रंगाच्या पलीकडचे अदृश्य किरण शोधून काढले. हे अतिनील किरण. वितळलेल्या काचेंतून अतिनील किरण फार थोडे आणि अवरक्त फार मोठ्या प्रमाणांत बाहेर पडतात. १९१९ मध्यें स्विस नेत्रवैद्य फोग्ट ह्यांनीं अवरक्त किरणांनीं सशाच्या डोळ्यांत मोतीबिंदु उत्पन्न करून दाखविला. १९३३ मध्यें त्याच देशांतील गोल्डमन ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, हे किरण प्रथम बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्यांत शोषले जातात, तो पडदा तापतो, आणि त्याची झळ त्याला लागून असलेल्या भिंगाला पोंचते. भांडें तापतें आणि आंतलें दूध नासतें, तसा हा प्रकार होय.

महाराष्ट्राचा ह्या कथेशीं एक संबंध आहे. रॉयल सोसायटीची समिति नेमली गेली त्याच १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजीपंत काळे ह्यांनीं एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधींतून निघालेली ही शाळा व कारखाना. येथें शिकलेल्या कारागिरांनीं काचेचा धंदा दूरदूर नेला. पुढें १९१६ मध्यें कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलानें खेड्यांतील रात्री उजळल्या. स्वदेशीच्या ह्या उत्साहाबरोबर भट्टीचें तोंडहि ह्या देशांत आलें. १९२३ च्या हिंदी कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टांत कालांतरानें अवरक्त किरणांनीं होणाऱ्या मोतीबिंदूचा समावेश झाला. दरम्यान अनेक देशांत बाटल्या करण्याचें काम यंत्रांकडे गेलें, आणि माणूस भट्टीपासून दूर झाला. काचकामगारांचा मोतीबिंदु कमी होण्यास चष्म्याइतकेंच हें अंतरहि उपयोगी पडलें.

भट्टीचा निकाल लागला, पण त्यांतून त्याहून मोठा प्रश्न पुढें आला. भट्टींत सांपडलेले किरण हर्शल ह्यांना सूर्यप्रकाशांतच प्रथम सांपडले होते. मग जी कोट्यवधि माणसें जन्मभर उन्हांत राबतात त्यांचें काय? हिंदुस्थानांत मोतीबिंदु विपुल आहे हें सर्वांना ठाऊक होतें. पंजाबांत जालंदर येथें हेन्री स्मिथ ह्या शस्त्रवैद्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हजारों मोतीबिंदु काढले, आणि ती शस्त्रक्रिया शिकण्यास परदेशांतून वैद्य येत. हिंदुस्थानांत मोतीबिंदु विपुल कां, असें विचारलें तर ऊन हें उत्तर सहज सुचे. परंतु सहज सुचलेलें उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. जेथें ऊन प्रखर तेथेंच दारिद्र्य, हगवण, अपुरें अन्न आणि चुलीचा धूरहि असे. ह्यांतून उन्हाचा वांटा निराळा कसा काढावयाचा? शिवाय भट्टीचा अनुभव सूर्याला जसाच्या तसा लावतां येत नाहीं. भट्टीसमोर अवरक्त किरणांची झळ अतितीव्र असते. उन्हांत ती तितकी नसते, पण अतिनील किरण असतात. त्यांपैकीं पुष्कळसे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यांत अडतात. उरलेले भिंगांत शोषले जातात आणि वर्षानुवर्षें तेथील प्रथिनांना इजा करतात.

ह्या प्रश्नावर मोठा प्रकाश पडला तो नेपाळांत. १९८१ मध्यें तेथें अंधत्वाची देशव्यापी पाहणी झाली. लॅरी ब्रिलियंट, रामप्रसाद पोखरेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १०५ ठिकाणच्या, जन्मभर त्याच गांवीं राहिलेल्या ३०,५६५ लोकांचा त्या दृष्टीनें अभ्यास केला, आणि १९८३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंचावर हवा विरळ असते व अतिनील किरण अधिक तीव्र असतात. म्हणून डोंगरांतील गांवांत मोतीबिंदु अधिक असावा अशी अपेक्षा होती. आढळलें तें नेमकें उलट. सखल तराईंत मोतीबिंदु अधिक, उंच गांवांत कमी. त्यांनीं प्रत्येक गांवाच्या क्षितिजाचा विचार केला, तेव्हां एक कारण हातीं आलें. हिमालयाच्या खोऱ्यांत सूर्य उशिरां डोंगरावर येतो आणि लौकर डोंगराआड जातो. ज्या गांवांना दिवसाकाठीं सरासरी बारा तास ऊन मिळे, तेथें मोतीबिंदूचें प्रमाण सात तास ऊन मिळणाऱ्या गांवांच्या ३.८ पट होतें. शिखरांची सांवली त्या लोकांच्या डोळ्यांवरचें छत्र ठरली होती. आहार आणि राहणी ह्यांचा वांटाहि त्यांत असूं शकेल. पण सांवलीचा हिशेब दृष्टीआड करण्यासारखा नव्हता. ऑस्ट्रेलियांत फ्रेड हॉलोज आणि मोरान ह्यांनीं १९८१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींतहि, तेथील मूळच्या रहिवाशांचा मोतीबिंदु आणि प्रदेशांतील अतिनील किरणांचें प्रमाण ह्यांचा संबंध दिसून आला होता.

तथापि हे हिशेब गांवांचे आणि प्रदेशांचे होते, एकेका माणसाचे नव्हते. ती उणीव अमेरिकेंत भरून निघाली. मेरीलंड प्रांतांतील चेसापीक उपसागरांत खेंकडे आणि कालवें पकडणाऱ्या ८३८ कोळ्यांचा अभ्यास करून ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. पाण्यावर ऊन वरून पडतें आणि खालून परततेंहि. प्रत्येक कोळ्याला तरुणपणापासून त्यानें कोणत्या वर्षीं कोणतें काम केलें, किती वेळ उन्हांत होता, टोपी घालीत असे काय, चष्मा लावीत असे काय, हें विचारून त्याच्या डोळ्यांत आयुष्यभर किती अतिनील किरण गेले असतील ह्याचा हिशेब मांडला. हा हिशेब दुप्पट झाला कीं भिंगाच्या बाहेरील थरांतील मोतीबिंदूचा संभव १.६ पट होतो, असें त्यांना आढळलें. मात्र भिंगाच्या गाभ्यांतील मोतीबिंदूशीं उन्हाचा संबंध आढळला नाहीं. मोतीबिंदु ह्या एका नांवाखालीं अनेक रोग आहेत, आणि ऊन त्या सर्वांचें सारखेंच कारण नाहीं, हें त्यावरून उघड झालें.

गाभ्यांतल्या मोतीबिंदूचें काय? येथें प्रकाश सोडून केवळ उष्णतेचा विचार पुढें येतो. रायपूरकडील भागांत मिनासियन आणि मेहरा ह्यांनीं १९८४ मध्यें असें मांडलें कीं, ज्यांना पूर्वीं भयंकर हगवण किंवा उष्माघात होऊन अंगांतील पाणी फार घटलें होतें, त्यांच्यांत पुढें मोतीबिंदु अधिक आढळतो. १९९१ मध्यें दक्षिण भारतांतील दुसऱ्या एका अभ्यासांत हगवणीचा असा संबंध सिद्ध झाला नाहीं, आणि तो वाद मिटला नाहीं. अलीकडे, १९२० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, जपानांतील नागोया आणि कानाझावा येथील संशोधकांनीं गणितानें भिंगाचें तपमान काढण्याचा प्रयत्न केला. भिंग एरवीं शरीराच्या आंतील भागापेक्षां थोडें थंड असतें. उष्ण प्रदेशांत, आणि म्हातारपणीं शरीराची उष्णता घालविण्याची शक्ति कमी झाली म्हणजे, तें वर्षांतून पुष्कळ काळ अधिक तापलेलें राहतें. गाभ्यांतील मोतीबिंदु उष्ण देशांत अधिक कां, ह्याचें उत्तर ह्या सांचत जाणाऱ्या उबेंत असावें असें त्यांचें अनुमान आहे. अनुमान हें अनुमानच. परंतु उन्हाळे अधिकाधिक कडक होत असतां तें पारखून पाहणें अगत्याचें आहे. भारतांतहि २०२० मध्यें गुरुग्राम, गुवाहाटी आणि आंध्रांतील प्रकाशम् अशा तीन भिन्न हवामानांच्या प्रदेशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्यांत अधिक ऊन लागलेल्यांत मोतीबिंदु अधिक, आणि त्याबरोबरच धूम्रपान व स्वयंपाकघरांतील धूर हेहि सहभागी, असा त्याचा आशय आहे.

एवंच, सूर्य हा मोतीबिंदूचा एकमेव कर्ता नव्हे. जन्मभर सांवलींत बसलेल्यालाहि तो होतो. वय हें पहिलें कारण. मधुमेह, तंबाखू, कांहीं औषधें हीं इतर कारणें. ऊन आणि उष्णता हीं त्या कारणांच्या जोडीला येऊन कांहीं प्रकारांत वेळ अलीकडे ओढतात, इतकेंच आजच्या ज्ञानावरून म्हणतां येतें. परंतु वेळ अलीकडे ओढली जाणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सत्तराव्या वर्षीं दृष्टि मंदावणें आणि पन्नासाव्या वर्षीं, घरांत मिळवता दुसरा कोणी नसतांना, विळा हातांतून सुटणें ह्यांत फार अंतर आहे.

ह्या इतिहासांतील दोन कामगार येथें एकमेकांशेजारीं उभे करून पाहण्याजोगे आहेत. संडरलंडच्या बाटली-कामगाराला भरपाई मिळूं शकली, कारण त्याच्या डोळ्यांत धंद्याची स्पष्ट खूण होती आणि भट्टीला मालक होता. भाताच्या खाचरांत वांकलेला शेतकरी, मिठागरांतील आगरी, रस्त्यावर खडी फोडणारी बाई, होडींतला कोळी ह्यांच्या डोळ्यांत अशी खूण उमटत नाहीं, आणि सूर्याला मालक नाहीं. त्यांचें दुखणें अजून वयाच्याच खात्यावर मांडलें जातें. कायदा त्यांच्यापर्यंत पोंचणें कठीण आहे; म्हणून त्यांच्या बाबतींत आधींची काळजी हाच मार्ग उरतो. तो खर्चाचा नाहीं. चेसापीकच्या अभ्यासानें दाखविल्याप्रमाणें रुंद कांठाची टोपी आणि साधा चष्मा एवढ्यानें डोळ्यांत जाणारे अतिनील किरण पुष्कळ कमी होतात. मुंडासें डोकें राखतें, पण कपाळापुढें त्याची सांवली पडत नाहीं. पदर पुढें ओढून घेणारी शेतकरीण त्या मानानें अधिक शहाणी. दुपारचे दोन-तीन तास झाडाखालीं घालविण्याची जुनी रीत, जवळ भरपूर पाणी, आणि धूर बाहेर नेणारी चूल ह्यांचेंहि मोल तितकेंच आहे.

आणि एवढें करूनहि मोतीबिंदु पिकलाच, तर त्याला उपाय आहे. १९४९ मध्यें लंडनमध्यें हॅरल्ड रिडले ह्यांनीं काढलेल्या भिंगाच्या जागीं कृत्रिम भिंग बसविलें, आणि आज ती क्रिया खेड्यांतील माणसालाहि दुर्लभ राहिलेली नाहीं. मात्र ती वेळेवर व्हावयाची तर नजर मंदावलेल्या माणसाला, वय झालें, आतां चालावयाचेंच, असें सांगून घरीं बसवूं नये. संडरलंडचा कामगार वाचला तो त्याच्या डोळ्यांत कोणी तरी नीट वांकून पाहिलें म्हणून. उन्हांतून घरीं आलेल्या माणसाच्या डोळ्यांतहि तसेंच पाहिलें जावें, इतकीच ह्या तीनशें वर्षांच्या शोधाची शिकवण आहे.